टॅम्प्लीज कुठं कुठं चालतं

माझा आवाज मोठा आहे. लोणंदच्या कांद्याच्या बाजाराला लागून आमचं घर होतं, आणि तिथं हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकूनच घेत नसे. पुढं डी.एड. करून बाई झाले, बदल्या होत होत सातारा जिल्हा सुटला आणि तासगावच्या पलीकडं द्राक्षबागांच्या एका गावात येऊन पडले. दोन शिक्षकांची शाळा. तिसरी-चौथी सरांकडं, पहिली-दुसरी माझ्याकडं, एकाच खोलीत. मी एकदा "ए!" म्हटलं की खोली चिडीचूप व्हायची आणि बाहेरच्या झाडावरचे कावळेसुद्धा उडायचे, असं सर म्हणायचे. पोरं सांभाळायला एवढं पुरतं अशी माझी समजूत होती.

नाही पुरत. मारामारी आवाजानं थांबते, पण चिडवणं थांबत नाही. ते फक्त जागा बदलतं. आमच्या शाळेत ते नळाच्या कट्ट्यावर जाऊन बसलं होतं. खिचडीच्या ताटल्या धुवायला, बाटल्या भरायला पोरं तिकडं जायची आणि मधे स्वयंपाकाची खोली असल्यामुळं वर्गातून काही दिसायचं नाही. पोरांना हे माझ्याआधी कळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरीत एक मुलगी आली. जत तालुक्यातली, कर्नाटकाला लागून असलेल्या एका वस्तीवरची. घरची भाषा कानडी. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता थोडी कोरडवाहू शेतीही होती, पण पावसाच्या भरवशावर कुणाचं भागतं? म्हणून आई-बाप इकडं एका बागायतदाराच्या बागेवर कायमच्या कामाला आले होते आणि बागेतच पत्र्याच्या खोलीत राहत होते. मुलीची पहिली तिकडं कानडी शाळेत झालेली. मराठी तिला बऱ्यापैकी समजायची, कारण तिकडच्या बाजारात दोन्ही भाषा चालतात. बोलायची वेळ आली की मात्र तोंडात आधी कानडीच यायची.

पहिल्याच दिवशी ती नळावरून परत येत होती. पुढं दुसरीतलाच एक मुलगा चाललेला. बाप फौजेत, आजोबा फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळं चालणं ताठ आणि बोलणं ठसक्यात. पोरं आपोआप त्याच्या मागं असायची. तो त्याची पाण्याची बाटली कट्ट्यावर विसरला होता. हिनं ती बघितली आणि चांगल्या मनानं त्याला हाक मारली, "बा! बा इल्लि!"

कानडीत बा म्हणजे ये. इकडं ये, तुझी बाटली राहिलीय, एवढंच तिला म्हणायचं होतं. आपल्याकडं मात्र बा म्हणजे बाप.

"आयला, ही मला बा म्हंती!" तो मुलगा ओरडला. मग छाती पुढं काढून, आवाज जाड करून म्हणाला, "आलो गं पोरी. काय आणू तुला?"

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. त्या दिवशीच्या हसण्याचा मला राग नाही. सात वर्षांच्या पोरानं असा बाप केल्यावर कुणालाही हसू येईल. पण दुसऱ्या दिवशी तेच हसू मुद्दाम आणलेलं होतं, आणि तिसऱ्या दिवशी ते तिची वाट बघत नळावर उभं होतं. "पोरी, बाला पाणी दे." "पोरी, बाची ताटली धू." "बाच्या पाया पड, न्हाईतर जेवायला मिळायचं न्हाई." मुलगी आधी गोंधळली, मग रडली आणि मग गप्प झाली. हजेरीला सगळी पोरं "हजर बाई" म्हणून बोंबलायची. ही नुसता हात वर करायची. काही दिवसांनी तो हातसुद्धा खांद्याच्या वर जाईना.

मी काय काय केलं ते सांगते, कारण त्यातलं बरंचसं अजून सगळ्या शाळांतून केलं जातं.

आधी ओरडले. त्यावर मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, "बाई, आमी खेळतोय नुसतं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्यांदा पकडलं तेव्हाही "खेळतोय बाई." मग मी त्याला वर्गापुढं उभं करून तिला सॉरी म्हणायला लावलं. त्यानं सलाम ठोकून "सॉरी गं पोरी" म्हटलं आणि अख्खी पहिली-दुसरी हसून फुटली. माझ्याच हुकमानं, माझ्याच डोळ्यांदेखत त्यानं तिला परत चिडवलं होतं.

मग मला एक फार शहाणपणाची गोष्ट सुचली. एका तालुका प्रशिक्षणात ऐकलं होतं की मुलाच्या घरच्या भाषेला वर्गात मान द्यावा. म्हटलं, देऊ या. तिला फळ्याजवळ बोलावलं आणि म्हणाले, "आज ही आपल्याला कानडी शिकवणार." तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. तिला पुढं यायचं नव्हतं. मला मात्र मान द्यायचाच होता. पाण्याला काय म्हणतात? "नीरु." पुरे ला? "साकु." नाही ला? "इल्ला." मी फळ्यावर लिहीत गेले, पोरं तालासुरात म्हणत गेली, आणि तास लय भारी झाला म्हणून मी खूश.

दुपारी नळावर गेले तर पोरं तिच्याभोवती फेर धरून नाचत होती. "पोरी, नीरु? इल्ला! साकु? इल्ला!" आतापर्यंत त्यांच्याकडं चिडवायला एक शब्द होता, मी त्यांना मूठभर आणून दिले होते.

त्याच आठवड्यात तिचा बाप शाळेत आला. कामावरून तसाच आलेला, हाताला फवारणीच्या औषधाचा वास. दारातच उभा राहिला.

"आवं बाई, पोरगी सकाळी उठत न्हाई. पोटात दुकतंय म्हंती. हितं आल्यापासनं घरात बी बोलाय न्हाई."

मी बसा म्हटलं, पण तो बसला नाही.

"तुमी चांगल्या हाय, तुमच्यावर राग न्हाई," तो म्हणाला. "पर द्राक्षं उतरून बेदाण्याचं शेड सुरू झालं की हिची आई दिवसभर तिकडं. ही घरात एकटी रडत बसणार. तवा हिला गावाकडं धाडतो. माझी आई हाय, मेंढरं हायती. ऱ्हाईल तिच्यासंगं."

"आणि शाळा?"

"शाळा लांब हाय वस्तीपासनं." एवढंच तो म्हणाला. पुढं बोलायची गरजही नव्हती. मेंढरांमागं गेलेली सात वर्षांची मुलगी परत वर्गात बसायला येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी म्हणाले, "शेड सुरू होईपर्यंत मला वेळ द्या." तो बरं म्हणाला, पण मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असावा. तो गेल्यावर मी खिडकीतून शेजारच्या बागेकडं बघितलं. मणी अजून हिरवे, कडक होते. ते पिकून उतरेपर्यंत काहीतरी झालं नाही तर ती मुलगी शाळेतून जाणार होती. मला माझाच राग आला. एवढा मोठा आवाज असून एका पोरीला दोन शब्द बोलायची सोय करता येत नाही म्हणजे काय?

मग मी ओरडणं बंद केलं आणि माझा डबा घेऊन नळाच्या कट्ट्याजवळ जेवायला बसू लागले. काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं. पहिले दोन-तीन दिवस पोरं जरा अवघडली, मग मला विसरली. शिक्षक रोज एकाच जागी बसला की पोरांना तो झाडासारखा वाटायला लागतो. तिथं बसून मला एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस दिसली नव्हती. तो फौजीचा मुलगा "पोरी" म्हणायच्या आधी एकदा डावी-उजवीकडं बघायचा. हसायला कोण कोण आहे ते बघायचा. कुणी नसलं तर मुकाट्यानं ताटली धुऊन निघून जायचा. म्हणजे चिडवणारा एक, पण चिडवणं चालायचं बाकीच्यांच्या जिवावर. आणि ते बाकीचे म्हणजे आमची गुणी, शुद्धलेखन सुंदर असलेली पोरं.

एकदा तो एकटा सापडला तेव्हा मी सहज विचारलं, "ते 'काय आणू तुला' कुठं शिकलास रे?"

"पप्पा म्हंत्यात फोनवर," तो म्हणाला. "माझ्या बारक्या भनीला."

"आणि तुला काय म्हणतात?"

"मला म्हंत्यात, अभ्यास कर."

मी त्याच्या हातावर डब्यातली शेंगदाण्याची चिक्की ठेवली. त्यानं ती खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिला चिडवलं. चिक्कीनं माणसं सुधारत असती तर आमच्या तालुक्यात पोलीस ठाणं लागलं नसतं.

आणि मग एका दुपारी ते घडलं. मुलगी बाटली भरत होती. चार-पाच पोरांनी तिला कट्ट्याच्या कोपऱ्यात धरलं होतं आणि फौजीच्या पोराचा नकली बाप सुरू झाला होता. मी उठणार, तेवढ्यात त्या मुलीनं बाटली खाली ठेवली, उजव्या हाताची मूठ वळली आणि ओठांना लावली.

पोरं जागच्या जागी थांबली.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खेळ ऐन रंगात आलेला असताना कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाची चड्डी सुटली, कुणाला घरून हाक आली, तर ते पोर मूठ ओठांना लावून "टॅम्प्लीज" म्हणतं. मग त्याला कुणी शिवायचं नाही, बाद करायचं नाही. खेळ तिथंच थांबतो. हा शब्द मुळात इंग्रजी 'टाइम प्लीज' आहे हे पोरांना माहीतही नसतं. तो त्यांचा शब्द आहे. माझं न ऐकणारी, आईबापाचं न ऐकणारी पोरं टॅम्प्लीज मोडत नाहीत. मोडलं तर पुन्हा कुणी खेळायला घेणार नाही. जतच्या वस्तीवरही हाच शब्द आणि हीच मूठ असणार, हे मला सुचलं नव्हतं. दोन्हीकडच्या पोरांची एक भाषा होती, आणि मी फळ्यावर नीरु लिहीत बसले होते.

पोरं थांबली ती सवयीनं. मग फौजीचा मुलगा भानावर आला. "ए, हे न्हाई चालत! टॅम्प्लीज खेळात असतंय!"

"पर तिनं केलंय की," दुसरा म्हणाला.

"आमी काय खेळतोय व्हय?"

वाद पेटला. पहिलीतली एक मुलगी होती, दात पडलेली, बोलायला महाबिलंदर. ती सरळ माझ्याकडं पळत आली. "बाई, खेळ नसताना टॅम्प्लीज चालतंय का वो?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका चांगला प्रश्न मला कुठल्या अधिकाऱ्यानंही विचारला नव्हता. मी म्हटलं, चला वर्गात, तिथं ठरवू. पोरं हात न धुताच आत आली. खिचडीच्या हातांनी सगळे गोल करून बसले.

मी फौजीच्या मुलाला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"बाई, टॅम्प्लीज खेळात असतंय. आमी खेळत नव्हतो."

"मग काय करत होता?"

खेळत नव्हतो म्हटलं तर चिडवत होतो हे आलं. खेळत होतो म्हटलं तर टॅम्प्लीज पाळायला पाहिजे होतं. त्याचं डोकं चांगलं, त्यामुळं आपण कुठं अडकलो ते त्याला बाकीच्यांच्या आधी कळलं. कान लाल झाले.

"ह्यो कवा म्हंतो खेळतोय, कवा म्हंतो खेळत न्हाई!" दातपडकी ओरडली, आणि वर्ग त्याला हसायला लागला. तेच हसू होतं. माणूस तेवढा बदलला होता. मी हात वर केला. "त्याला हसायचं नाही. हसलात तर तो टॅम्प्लीज घेईल." पोरं गप्प झाली. त्यानं माझ्याकडं चमकून बघितलं. हे आपल्यालाही मिळतं, असं त्याला वाटलं नसावं.

पुढचा अर्धा तास पोरांनी कायदा केला. मी मधे बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल ते ओळखा. ठरलं असं : टॅम्प्लीज खेळात चालतं आणि खेळ नसतानाही चालतं. नळावर चालतं, खिचडीच्या रांगेत चालतं, घरी जाताना बांधावर चालतं. बोलता आलं नाही तर नुसती मूठ चालते. आणि सर्वांत मोठी भर दातपडकीची : "दुसऱ्यासाठनं बी घ्याचं. त्यो रडत असला तर त्याच्या वतीनं आपुन घ्याचं." यावर बराच काथ्याकूट झाला, कारण मूळ खेळात असं नसतं. शेवटी मंजूर झालं. जतची मुलगी या सगळ्यात एक अक्षर बोलली नाही, पण इतके दिवस खाली असलेली तिची मान आता वर होती.

आता सगळं गोड झालं असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. पहिल्या आठवड्यात पोरांनी माझा छळ मांडला. पाढे विचारले की टॅम्प्लीज, पाटी दाखव म्हटलं की टॅम्प्लीज. एकानं तर लसीकरणाला आलेल्या नर्सबाईंसमोर मूठ ओठाला लावली. पण नळावर फरक पडला. चिडवायला सुरुवात झाली की कुठून तरी एखादी मूठ वर यायची. तिची नाही, दुसऱ्याच कुणाची तरी. शुद्धलेखन सुंदर असलेल्यांना आता हसण्यापेक्षा थांबवण्यात जास्त मजा येऊ लागली होती. हसू आटलं तसा फौजीच्या पोराचा नकली बापही हळूहळू निवृत्त झाला.

मध्येच एकदा माझा पारा चढला. फौजीच्या मुलानं शाळेच्या नव्या चार्टवर शाई सांडली होती आणि मी त्याला फैलावर घेतलं होतं. लोणंदचा सगळा बाजार माझ्या घशात आलेला. तो मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात पहिलीच्या रांगेतून दातपडकी उभी राहिली. मूठ ओठाला.

मी खडू उगारलेला हात तसाच धरून उभी. काय करणार? कायदा माझ्यासमोरच झाला होता. मी थांबले. आणि मग खुदकन कुणीतरी हसलं. जतची मुलगी. तोंडावर हात दाबून, खांदे हलवत, माझ्या फजितीला हसत होती. इतके दिवस मी तिला बोलतं करायला झटत होते आणि ती हसली ती मला. इतका आनंद मला कुठल्या शाबासकीनं झाला नाही. चार्ट गेला खड्ड्यात.

हळूहळू पोरांनी तिला खेळायलाही घेतलं, पण कच्चं लिंबू म्हणून. लहानग्या पोरांना खेळात घेतात ना तसं : पळायचं सगळ्यांबरोबर, पण शिवलं तरी बाद नाही, आणि राज्य तर कधीच येणार नाही. पोरांच्या मते हा मोठा मान होता. मलाही पहिल्यांदा बरं वाटलं. पण नळाजवळ बसून रोज बघत होते तेव्हा लक्षात आलं, ती जीव खाऊन पळायची आणि तिच्या मागं कुणी पळतच नसे. कोपऱ्यात जाऊन मागं वळून बघायची, तर सगळे भलतीकडं. आता तिला कुणी त्रास देत नव्हतं. पण तिला कुणी मोजतही नव्हतं. मला वाटलं उठावं आणि सांगावं, हिला नीट घ्या. पण कानडीच्या तासाची आठवण झाली आणि मी डबा खात बसून राहिले.

इकडं बागांतले मणी पिवळे पडले. गाड्या भरायला लागल्या. रस्त्याच्या कडेच्या बेदाणा शेडवर हिरवी जाळी चढली आणि बायका टोपल्या घेऊन जाऊ लागल्या. मुलगी आता सकाळी रडत नाही, असं तिच्या आईनं रस्त्यात सांगितलं होतं, पण पुढं हेही सांगितलं की मालकानं शेडचं काम सांगितलंय आणि "हिचं अप्पा बोलल्यात गावाकडं फोन करून." मी वर्गात जाऊन उगीचच पोरांच्या वह्या तपासत बसले. सगळ्या बरोबर उत्तरांवर चुकीची खूण केली आणि परत खोडली.

तो आला त्या दिवशी मधली सुट्टी चालू होती. मोटारसायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवलेली, वरून लहान मुलीचा फ्रॉक डोकावत होता. त्यानं गाडी फाटकाजवळ झाडाखाली लावली. मी उठून त्याच्याकडं निघाले. त्याला वेळ मागितला होता, तो त्यानं दिला होता.

मैदानात शिवाशिवी रंगली होती. फौजीचा मुलगा राज्य घेऊन वाऱ्यासारखा पळत होता. आम्ही दोघं बघत असतानाच त्यानं वळण घेतलं आणि जतच्या मुलीच्या पाठीवर धपकन हात मारला.

"आउट! राज्य हिच्यावर!"

"ए, ती कच्चं लिंबू हाय," पोरं ओरडली. "तिच्यावर नसतंय राज्य!"

मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "का नसतंय? माझ्यापेक्षा जोरात पळती ती. लय दिवस फुकट पळतीय."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. बापही माझ्याशेजारी उभा राहून तिच्याकडंच बघत होता. मुलीनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, धापा टाकत फ्रॉकला हात पुसले आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मी न्हाई लिंबू!"

आणि सुटली. पोरं किंचाळत चहूकडं पांगली. ती पायात वारं भरल्यागत पळत होती, वेणी सुटलेली, पण पोरंही तयारीची होती, कुणी हाताला लागेना. घंटा झाली तरी तिला कुणी सापडलं नव्हतं. पोरं नळाकडं निघाली आणि तेव्हा बापानं तिला हाक मारली, "बा."

तिला पिशवी दिसली. ती जागीच थांबली. फौजीचा मुलगा तिच्या शेजारून जाताना म्हणाला, "तुला बोलवत्यात." कुणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

ती बापापाशी आली. त्यानं कानडीत काहीतरी हळू आवाजात सांगितलं, पिशवीकडं हात केला. तिनं नाही म्हणून मान हलवली. त्यानं परत सांगितलं. मग ती बोलायला लागली, भरभर, हातवारे करत, थांबायचं नावच नाही. इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्यातलं काहीच कळलं नाही. एकच शब्द परत परत येत होता. "अप्पा, नन म्याल राज्य ऐति. राज्य, अप्पा!"

बापानं माझ्याकडं बघितलं. "बाई, काय सांगू हिला? म्हंती, राज्य हाय माझ्यावर. सुट्टी संपली म्हणून ऱ्हायलं, उद्या हितनंच सुरू हुणार. आता गेले तर पोरं म्हंतील, राज्य आलं म्हणून पळाली."

मी त्याला शिक्षणाचा हक्क सांगणार होते. मुलींच्या भवितव्यावर चार वाक्यं जुळवून ठेवली होती, सरांकडून तपासूनही घेतली होती. त्यातलं एकही मी बोलले नाही. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. राज्य अर्धवट टाकून जाता येत नाही."

"आन्‌ दुपारनं? हिची आई शेडवर."

"शाळा सुटल्यावर बसेल माझ्याजवळ. मला तासभर काम असतंच. तुम्ही जाताना घेऊन जा."

तो हँडलवरची पिशवी नुसती चाचपत राहिला. मुलगी त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती, आणि खरं सांगते, मीही तसंच बघत होते. शेवटी त्यानं गाडीला किक मारली.

"बरं," तो म्हणाला. "उद्याचं राज्य देऊन घे. मग बघू."

ती आता चौथीत आहे. तो अजून बघतोच आहे.